समरकंदचा दस्तरखान आणि मी काठोकाठ भरलेला प्याला

तलावपाळी (ठाणे)

गेल्या सप्टेंबरात मी आणि माझे पती उझबेकिस्तानात अकरा दिवस राहून आलो. पहिले पाच दिवस आम्ही एका सहल कंपनीच्या गटाबरोबर होतो आणि उरलेले सहा दिवस दोघांनीच समरकंद व बुखारा येथे घरगुती निवासांत काढले. दिल्लीहून ताश्कंदला विमानाने सुमारे तीन तास लागतात, म्हणजे शनिवारी सकाळी ठाण्याहून पुण्याला निघालेला माणूस लोणावळ्याच्या घाटात अडकलेला असतो तेवढ्या वेळात आपण मध्य आशियात पोचतो. घड्याळही फक्त अर्धा तास मागे करावे लागते. इतक्या जवळच्या देशाबद्दल आपल्याला तैमूर आणि बाबर या दोन नावांपलीकडे फारसे काही ठाऊक नसते, म्हणून हा धागा काढत आहे.

गटाबरोबरच्या दिवसांविषयी थोडक्यात सांगते. दोन्ही वेळचे जेवण भारतीय उपाहारगृहात होते आणि वरण, जिरे भात, पनीर हा क्रम एकदाही चुकला नाही. गटात सत्तरी ओलांडलेली माणसे होती, काहींच्या गोळ्या जेवणाच्या वेळांशी बांधलेल्या होत्या, त्यांच्या दृष्टीने ही सोय योग्यच होती. परंतु ताश्कंदच्या चोरसू बाजारात, जिथे एका अवाढव्य निळ्या घुमटाखाली अख्खे शहर खरेदीला येते, तिथे आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली आणि त्यांतली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. समरकंदच्या रेगिस्तान चौकात तैमूरचा नातू उलुग बेग याची १४२० साली पूर्ण झालेली मदरसा आणि समोरची सतराव्या शतकातली शेरदार मदरसा पाहिली, जिच्या कमानीवर वाघासारख्या प्राण्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचे सूर्य काढलेले आहेत. हे सारे अप्रतिम आहे, पण त्याची छायाचित्रे घरबसल्या पाहायला मिळतात. एखाद्या घरात चहा कसा ओततात, ते मात्र तिथे बसल्याखेरीज कळत नाही.

समरकंदला आम्ही ज्या घरात उतरलो तिथे मधोमध अंगण होते, त्यावर द्राक्षाचा मांडव होता आणि मांडवाखाली तपचान, म्हणजे चार-सहा माणसांना मांडी घालून बसता येईल असा लाकडी चौथरा. घरात ऐंशीच्या आसपासच्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे होती. आल्या दिवशी संध्याकाळी दस्तरखान, म्हणजे जेवण मांडायचे कापड, अंथरला गेला. आम्हाला दारापासून सर्वांत लांबच्या जागी बसवले, कारण मानाची जागा तीच. बदाम, मनुका, खडीसाखर, द्राक्षे, टरबुजाच्या फोडी असे सगळे आधीच मांडलेले होते आणि प्रथम चहा आला.

इथे माझी चूक झाली. सून स्वयंपाकघरात गेली होती, आजींचा प्याला रिकामा दिसत होता, आणि वडीलधाऱ्या बाईचा प्याला रिकामा असताना आपण स्वस्थ बसायचे हे मला जमणारे नव्हते. मी किटली उचलली आणि त्यांचा बिनकानाचा प्याला काठोकाठ भरला. माझ्या सासूबाईंनी एकदा पाहुण्यांचा कप दोन बोटे कमी भरला म्हणून मला चारचौघांत सुनावले होते, तो धडा तीस वर्षे अंगात मुरलेला आहे. आजी प्याल्याकडे पाहत राहिल्या, मोठा नातू खाली मान घालून हसू लागला आणि परत आलेल्या सुनेने ओढणी तोंडावर धरली. मग आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला, प्याल्यातला बहुतेक चहा पुन्हा किटलीत ओतला आणि तळाशी तीन घोट राहतील एवढाच चहा घालून प्याला स्वतःकडे ठेवून घेतला. सुनेने मोबाइलवरच्या भाषांतराच्या साहाय्याने समजावले, ते असे की काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे 'हा प्या आणि निघा' असा निरोप असतो. प्याला थोडाच भरायचा, म्हणजे तो लवकर संपतो, घरच्यांना पुन्हापुन्हा उठून ओतावे लागते आणि त्या उठबशीतच पाहुण्याचा मान असतो. थोडक्यात, मी त्या आजींना त्यांच्याच घरातून जायला सांगितले होते.

पुढचे सहा दिवस मी ओतण्याची ती पद्धत पाहत होते. किटलीत हिरवा चहा पडला की पहिला प्याला भरून परत किटलीत ओततात, असे तीनदा करतात आणि मगच पाहुण्याला देतात. ताश्कंदमध्ये काळा चहा अधिक चालतो, समरकंद-बुखाऱ्यात मात्र हिरवाच. त्यात दूध नाही आणि साखरही विरघळवत नाहीत. नव्वोत नावाची खडीसाखर दातांखाली धरायची आणि वरून चहा प्यायचा.

माझ्या पतींची फजिती वेगळ्या प्रकारची होती. ते शाकाहारी आहेत आणि त्यांनी आपल्या समजुतीने 'सब्जी' हा शब्द तयार ठेवला होता. 'फक्त सब्जी' असे त्यांनी हातवारे करून सांगितल्यावर सूनबाईंनी मान डोलावली आणि थोड्या वेळाने गाजराची कोशिंबीर, सोबत वाफवलेल्या गाजरांची बशी आणून ठेवली. उझबेक भाषेत सब्जी म्हणजे गाजर. मग मला शब्दांचा नादच लागला. कांद्याला पियोझ, हौदाला होवुझ, साबणाला सोवुन, आठवड्याला हफ्ता, टरबुजाला तरवुझ आणि कोणत्याही फळाला मेवा म्हणतात. फारसीने आपल्या आणि त्यांच्या घरात एकाच वेळी सामान उतरवले आहे, फक्त कोणी ते माजघरात ठेवले आणि कोणी ओट्यावर. थोरल्या भावाला ते 'अका' म्हणतात, हे ऐकून माझ्या पतींना, ज्यांना थोरली अक्का आहे, फार गंमत वाटली.

आणखी एक गोष्ट सांगून थांबते. त्या घराच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक गोल नान टांगलेला होता, वाळून लाकडासारखा कडक झालेला आणि एका कडेला दातांनी तोडलेला. मी विचारले तेव्हा आजींनी उत्तर दिले नाही, सुनेने दिले. धाकटा दीर दीड वर्षापूर्वी कामासाठी रशियात गेला. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने नानाचा एक घास तोडायचा आणि उरलेला नान तो परत येईपर्यंत घरात जपून ठेवायचा, अशी तिथली रीत आहे. आल्यावर उरलेला त्यानेच संपवायचा असतो.

कोपरीकर

ताई, फार सुंदर लिहिले आहे. जेवणाबद्दल मात्र आपण हात आखडता घेतला. तिथल्या पुलावाविषयी पुष्कळ ऐकले आहे, तो आपल्या बिर्याणीपेक्षा नेमका कुठे वेगळा असतो ते सविस्तर सांगावे.

तलावपाळी

कोपरीकर, मी स्वतः मांसाहार करते, त्यामुळे खाऊनच सांगत आहे. बिर्याणीत मसाला पुढे असतो आणि इथे तो जवळजवळ नसतोच. जिरे, थोडे झिर्क, म्हणजे आंबट वाळकी बोरेवजा फळे, आणि मीठ, एवढ्यावर पदार्थ उभा राहतो. चवीचा भार सरकीच्या तेलावर, शेपटीच्या चरबीवर आणि पिवळ्या गाजरांवर असतो.

बुखाऱ्यातल्या मुक्कामात शेजारच्या गल्लीत लग्न होते आणि घरमालकांनी आम्हाला सकाळी सहालाच कढई पाहायला नेले. कढई म्हणजे कझान, आपल्याकडे भंडाऱ्याला लागते तेवढी. स्वयंपाकी पुरुष होता, त्याला ओशपाझ म्हणतात आणि लग्नाचा ओश, म्हणजे पुलाव, पुरुषच रांधतात. तेल धुरावल्यावर त्यात चरबी, मग कांदा, मग मांसाचे मोठे तुकडे, ते खरपूस झाले की काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या चिरलेल्या गाजरांचा ढीग. चिरलेल्या म्हणते, किसलेल्या नव्हे. हे गाजर चिरण्यासाठी आदल्या संध्याकाळी शेजारपाजारचे लोक जमतात आणि त्या जमण्यालाच 'गाजर चिरणे' असे नाव आहे. आपल्याकडे लग्नाआधी हळद दळायला बायका जमत, त्या जातीचा तो प्रकार वाटला. पाणी घालून हा रस्सा बराच वेळ मंद शिजतो, त्यात छोले, मनुका आणि न सोललेले लसणाचे अख्खे गड्डे जातात. शेवटी तांदूळ वरून सपाट पसरतात आणि पुढे ढवळत नाहीत. पाणी आटले की भाताला झाऱ्याच्या दांड्याने भोके पाडून वर झाकण ठेवतात.

वाढताना गावागावाचा फरक दिसतो. समरकंदला भात खाली, गाजर त्यावर आणि मांस सर्वांत वर असे थर राखतात, तर ताश्कंदला सगळे मिसळतात आणि वर घोड्याच्या मांसाची चकती व लावी पक्ष्याचे अंडे ठेवतात. घोड्याचे मांस मी खाल्ले नाही. त्यात तत्त्व काही नव्हते, हात पुढे गेला नाही एवढेच.

खानावळीत पुलाव खायचा असेल तर दुपारी बाराच्या आत जावे. कढई दिवसातून एकदाच लागते आणि दोननंतर तळ खरवडण्याचे आवाज येतात. २०१६ साली या पुलावाच्या परंपरेची युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, पण त्या ओशपाझाला त्याचे काही विशेष वाटत नव्हते. त्याची तक्रार एवढीच होती की यंदाच्या गाजरांत पाणी जास्त आहे.

शाकाहारी_नेरुळ

धागा आवडला, पण एका मुद्द्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. तुमच्या यजमानांनी सहा दिवस काय खाल्ले? आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो आणि भाजीचे म्हणून दिलेले सूप मांसाच्या पाण्यावर केलेले निघाले. भोपळ्याचा सामसाही, म्हणजे तिकडचा समोसा, आम्ही निःशंकपणे खाल्ला, नंतर कळले की भोपळ्यात चरबीचे बारीक तुकडे घालण्याची पद्धत आहे. सहल कंपन्या भारतीय जेवण देतात त्यावर तुम्ही हलकासा टोमणा मारला आहे, परंतु ज्यांनी आयुष्यभर एक व्रत पाळले आहे त्यांच्यासाठी तो हौसेचा प्रश्न नसतो.

तलावपाळी

आपला आक्षेप योग्य आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. माझ्या पतींनीही समरकंदच्या सियाब बाजारात भोपळ्याचे दोन सामसे खाल्ले आणि तिसरा उचलताना शेजारच्या गृहस्थांनी हातवारे करून शेपटीची चरबी दाखवली. ते संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. (आपण 'यजमान' शब्द वापरलात म्हणून सांगते, की या प्रवासवर्णनात तो शब्द मी मुद्दाम टाळत होते, कारण प्रत्येक वाक्यात नवरा की घरमालक हे सांगत बसावे लागले असते.)

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरातल्या सुनेला 'गोश्तसिझ' हा शब्द सांगून, शिवाय चरबीचे चित्र काढून त्यावर फुली मारून दाखवली. गोश्त म्हणजे मांस आणि 'सिझ' म्हणजे 'विना'. एवढे स्पष्ट केल्यावर त्या बाईने जे केले ते कोणत्याही भारतीय उपाहारगृहात मिळाले नसते. तेलात केलेला बटाट्याचा सामसा, टोमॅटो-कांद्याचे पातळ काप करून केलेली अचिचुक नावाची कोशिंबीर, कतिक म्हणजे घट्ट दही, काय्मोक म्हणजे नानाला लावायची जाड साय, आणि सुझ्मा. सुझ्मा पाहताच माझ्या पतींचा चेहरा उजळला, कारण तो आपला चक्का आहे, फडक्यात टांगून पाणी काढलेला. त्यांनी बॅगेतली वेलची काढली, साखर मागून घेतली आणि अंगणात बसून समरकंदमध्ये श्रीखंड केले. आजींनी चमचाभर चाखून पाहिले आणि काहीतरी बोलल्या, त्याचे भाषांतर 'औषध चांगले आहे' असे आले.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की काटेकोर शाकाहारी माणसाने खानावळीपेक्षा घरात राहावे. खानावळीत विचारायला सवड नसते आणि सांगणाऱ्याला उत्तराची जबाबदारी वाटत नाही. टोमणा मारल्यासारखे वाटले असेल तर क्षमस्व.

खारघरचा_कापूसवाला

मी मूळचा यवतमाळचा, घरी तीन पिढ्या कपाशी. सरकीचे तेल वाचले आणि राहवले नाही. सोव्हिएत काळात संघराज्यातला निम्म्याहून अधिक कापूस उझबेकिस्तानात पिकत असे, त्यामुळे तिथे सरकी मुबलक आणि तेल त्याचेच. त्या कापसासाठी अमूदर्या आणि सिरदर्या या नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवले आणि अरल समुद्र आटला, हे शेतीत असलेल्या आम्हा लोकांना निराळे सांगावे लागत नाही. कापूस वेचायला विद्यार्थी आणि सरकारी नोकर सक्तीने पाठवले जात, त्यामुळे जगातल्या कित्येक कपडे कंपन्यांनी त्या कापसावर बहिष्कार टाकला होता आणि तो २०२२ साली उठला.

ताईंना एक प्रश्न आहे. तुम्ही ज्या प्याल्यातून चहा प्यायलात, तो गडद निळा, त्यावर पांढरी नक्षी आणि सोनेरी कड असा होता का?

तलावपाळी

अगदी तसाच होता, सर्व घरांत, खानावळींत आणि आगगाडीतसुद्धा. मी ते कुठलेसे फूल समजत होते.

खारघरचा_कापूसवाला

ते फुललेले कपाशीचे बोंड आहे. त्या नक्षीचे नावच 'पख्ता', म्हणजे कापूस. आमच्याकडे कोणी कपबशीवर बोंड काढले असते तर आजोबांनी ती फोडली असती, कारण ज्या पिकाने कर्ज केले ते पुन्हा चहाच्या वेळी कशाला समोर हवे?

घणसोलीचा_संशयात्मा

सर्वांची क्षमा मागून थोडे विरुद्ध लिहितो. घरगुती निवास हा शेवटी व्यवसाय आहे. तुम्ही पैसे दिले, त्यांनी आतिथ्य केले. त्यावरून 'तेथील लोक कसे अतिथिप्रिय' असा निष्कर्ष काढणे म्हणजे कोकणातल्या खानावळीत सोलकढी दोनदा वाढली म्हणून कोकणी माणूस उदार असे म्हणण्यासारखे आहे. सामान्य उझबेक माणूस अनोळखी भारतीयाशी कसा वागतो याचा काही अनुभव असल्यास तो ऐकायला आवडेल.

तलावपाळी

आपली शंका मलाही तिथे असतानाच आली होती, म्हणून पैशांचा संबंध नसलेला एक प्रसंग देते. समरकंदहून बुखाऱ्याला आम्ही वेगवान गाडीची तिकिटे न मिळाल्याने साध्या गाडीने गेलो. समोर आईवडील, एक लग्नाची मुलगी आणि तिचे बाळ असे कुटुंब होते. गाडी सुटल्यावर दहा मिनिटांत त्यांनी आमचे वय, मुले किती, मुलगा काय करतो, त्याचे लग्न का झाले नाही, एवढे सगळे विचारून घेतले. हे प्रश्न आपल्याकडच्या दादर-सावंतवाडी गाडीत जितक्या सहजपणे विचारतात तितक्याच सहजपणे विचारले गेले, त्यामुळे मला राग आला नाही. 'हिंदिस्तान' म्हटल्यावर वडिलांनी राज कपूर आणि मिथुन चक्रवर्ती ही नावे घेतली आणि मिथुनवरचे एक गाणे म्हणून दाखवले. माझ्या पतींना ते पूर्ण येत नव्हते, त्या गृहस्थांना येत होते.

मग छोट्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले गेले. नान आईने हातांनी तोडला, सुरी कुणी काढली नाही, आणि तुकडे आमच्यासमोर ठेवताना नक्षीची बाजू वर आहे हे पाहून ठेवले. माझ्या हातून एक तुकडा पालथा पडला तेव्हा त्या मुलीने बोलण्याच्या ओघातच तो उलटून सरळ केला, जसे आपण दारातली उलटी चप्पल सरळ करतो. उकडलेली अंडी, काकडी, द्राक्षे असे देत राहिले. नको म्हणायला मी छातीवर हात ठेवला, तर त्या हावभावाचा अर्थ तिथे आभार असा होतो, त्यामुळे आणखी वाढले गेले. माझ्याकडे घरचा पोह्यांचा चिवडा होता. आईने त्यातले शेंगदाणे आणि डाळे वेचून खाल्ले, कढीपत्ता मात्र एक-एक पान बाजूला काढून कागदाच्या कोपऱ्यात नीट रचून ठेवला. खाणे संपल्यावर वडिलांनी दोन्ही तळवे समोर धरले, काहीतरी पुटपुटून ते चेहऱ्यावरून फिरवले, सर्वांनी तसेच केले आणि त्यानंतर कोणी काही तोंडात घातले नाही.

हा एकच प्रसंग आहे आणि एका प्रसंगावरून देशाचा निष्कर्ष निघत नाही, हे मान्य. ताश्कंदला एका टॅक्सीचालकाने आमच्याकडून तिप्पट भाडे घेतले, तेही मान्य. एक लाख सोमची नोट म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास होतात, हे शून्यांच्या गर्दीत लक्षात येत नाही आणि चालकाला ते ठाऊक असते.

घणसोलीचा_संशयात्मा

कढीपत्त्याची पाने रचून ठेवली, हे वाचून शंका बऱ्याच अंशी मागे घेतो.

वाशीचा_अडत्या

मी सुक्या मेव्याच्या व्यापारात आहे, बाजार समितीत रोज पहाटे उठबस. ताईंनी बाजाराबद्दल फार त्रोटक लिहिले. तिथे माल चाखून घेता येतो का? आणि जर्दाळूच्या भाजक्या बिया पाहिल्या का?

तलावपाळी

चाखल्याशिवाय कोणी विकत नाही. सियाब बाजारात मनुकांच्या रांगेतून जाताना प्रत्येक बाई चिमूटभर हातावर ठेवते आणि तुम्ही पुढे गेलात तरी तिला वाईट वाटत नाही. जर्दाळूच्या बियांना ते शोर दानक म्हणतात. कवच किंचित उकललेले असते, बिया मिठाच्या पाण्यातून काढून राखेत भाजतात, त्यामुळे वर पांढुरका लेप असतो. लहानपणी आम्ही जर्दाळू खाऊन बी उंबऱ्यावर ठेवून वरवंट्याने फोडत असू आणि निम्म्या वेळा आतला गर चिरडत असे. ती सारी मेहनत तिथे कोणीतरी आधीच केलेली असते. मी अर्धा किलो घेतल्या आणि विमानतळापर्यंत पाव किलो उरल्या.

आणखी एक पदार्थ तुमच्या कामाचा आहे. कुर्त, म्हणजे दह्याचे खारवून वाळवलेले पांढरे गोळे. दिसायला पेढा आणि चवीला मिठागर. माझ्या पतींनी पेढा समजून अख्खा तोंडात टाकला होता.

एलबीएस_मार्ग

शीव ते ठाणे या रस्त्यावर मी चाळीस वर्षे ये-जा केली, म्हणून विचारतो. ताश्कंदला शास्त्रीजींची काही खूण आहे का?

तलावपाळी

आहे. त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि अर्धपुतळाही आहे. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, ११ तारखेच्या पहाटेपूर्वी, तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २६ एप्रिलला शहरात मोठा भूकंप झाला आणि जुन्या ताश्कंदचा बराच भाग कोसळला, त्यामुळे शास्त्रीजींनी पाहिलेले शहर आज फारसे शिल्लक नाही. पुतळ्यापाशी आमचा गट थांबला तेव्हा एक उझबेक आजोबा बाकावर बसले होते. आम्ही नमस्कार केल्यावर ते उठून उभे राहिले आणि आम्ही निघेपर्यंत उभेच होते. भाषा येत नसल्याने विचारपूस करता आली नाही.

ऐरोलीकर_बाबा

माझी मुलगी समरकंदला वैद्यकीय शिक्षण घेत आहे, हे तिसरे वर्ष. ज्या दलालाने प्रवेश करून दिला त्याने वसतिगृहाबद्दल जे सांगितले त्यातले निम्मेही खरे नव्हते, त्यामुळे ती आणि आणखी दोघी मुली आता एका आजीबाईंच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतात. तूरडाळ आम्ही इथून पाठवतो, गव्हाचे पीठ तिथे उत्तम मिळते. सुरुवातीला आजीबाई परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता गरम सूप घेऊन वर यायच्या आणि शाकाहारी असलेली माझी मुलगी संकोचाने ते बेसिनमध्ये ओतायची. एकदा पकडली गेली. त्यानंतर आजीबाई सूपाऐवजी काय्मोक आणि नान आणतात. तिला 'किझिम' म्हणतात, म्हणजे 'माझी पोर'.

मार्चमधल्या नवरोजला त्यांच्या अंगणात सुमलक करतात. मोड आणलेले गहू वाटून त्याचा चीक मोठ्या कढईत रात्रभर ढवळायचा, तळाशी लागू नये म्हणून त्यात धुतलेले गोटे टाकायचे आणि बायकांनी पाळीपाळीने गाणी म्हणत जागे राहायचे. त्यात साखर नसते, तरी सकाळी ते गोड लागते. मुलीने दाखवल्यावर माझ्या आईने, जिने आयुष्यभर कुरडयांसाठी गव्हाचा चीक हाटला, एवढेच विचारले की ढवळायला पळी लाकडी आहे ना.

ताईंनी लिहिलेल्या टांगलेल्या नानाबद्दल सांगायचे तर, जुलैच्या सुट्टीत मुलगी घरी येण्यासाठी निघाली तेव्हा आजीबाईंनी तिच्याकडूनही घास तोडून घेतला. तिला आधी वाटले, प्रवासासाठी शिदोरी देत आहेत, म्हणून ती अख्खा नान पिशवीत घालू लागली. तो त्यांनी हातातून काढून घेतला.

शाकाहारी_नेरुळ

ऐरोलीकर साहेब, मुलगी परत गेल्यावर तो दोन महिन्यांचा शिळा नान खरोखर खाल्ला का?

ऐरोलीकर_बाबा

खाल्ला. आजीबाईंनी त्यावर पाणी शिंपडून तो तंदूरच्या कडेला थोडा वेळ ठेवला आणि चहात बुडवून खायला लावला. मुलीने फोनवर सांगितले, की चव नव्हती, पण आजीबाई समोर बसून शेवटचा तुकडा संपेपर्यंत पाहत होत्या आणि दर दोन घासांना तिच्या प्याल्यात थोडा-थोडा चहा ओतत होत्या.